गच्चीवरील वाटाण्यास घातलेल्या टोपीबाबत खुलासा

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
सार्वजनिक इमारत विभाग,
तळमजला, जिन्याखालची उजवी खोली.

विषय : गच्चीवरील हीट पंपाच्या नासाडीबद्दल मेकॅनिकला कामावरून कमी करण्याचा हुकूम रद्द करणेबाबत, तसेच खरे दोषी स्वतःहून पुढे येत असलेबाबत.

संदर्भ : १) जिन्यात डकवलेली आपली नोटीस, दिनांक १८.
२) चौकशी समितीचा अहवाल, पाने अकरा.
३) आमची हजेरी-वही, पान ३६ ते ४० व ४७ ते ५३.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये भरणाऱ्या विणकाम वर्गाची हजेरी-वही गेली नऊ वर्षे सांभाळते. त्याआधी एकतीस वर्षे मी कोठारात आवक-जावक लिहिली. त्यामुळे दिसेल ते लिहून ठेवण्याची मला खोड आहे. वर्ग सोमवार, मंगळवार, गुरुवार व शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. पटावर सतरा. त्यांपैकी दोघी सुया आणतात, लोकर आणत नाहीत. त्या ऊब घ्यायला येतात हे मला ठाऊक आहे, पण हजेरी मी पूर्ण लावते.

२. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की, गच्चीवरील यंत्र बर्फाने गच्च होऊन पंख्याचे पाते तुटले, त्यास मेकॅनिकचा हलगर्जीपणा कारण आहे, सबब महिनाअखेर त्यांना कमी करण्यात येईल, व तत्पूर्वी गुरुवार, दिनांक २१ रोजी सकाळी अकरा वाजता सुनावणी होईल. या मेकॅनिकना सगळी इमारत ‘गच्चीवाले’ म्हणते, तेव्हा मीही तसेच लिहिते. त्यांचा यात सुतभरही दोष नाही. दोष आमचा आहे, आणि तो ठराव करून, एकमताने, वहीत नोंदवून केलेला आहे. आजवर या इमारतीत इतक्या रीतसर कोणी चूक केली नसेल.

३. आता मूळ हकीकत. दिनांक १, शुक्रवार. नोंद अशी : “गच्चीवाल्यांनी चहा घेतला, दोन कप. मशीन समजावले.” ते त्यांना आम्हीच समजवायला लावले होते. कारण दर दीड तासाने हॉलच्या खिडकीलगतच्या गच्चीवरून घरघर, मग फुस्स असा आवाज, खिडकीबाहेर वाफेचे ढग आणि आत पाठीत गार झुळूक, हा प्रकार थंडी सुरू झाल्यापासून चालला होता. गच्चीवाल्यांनी सांगितले की हे यंत्र बाहेरच्या थंड हवेतून ऊब ओढून आत आणते. त्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “थंडीतून ऊब काढतंय? मग आमच्या सूनबाईतून दोन गोड शब्द काढून दाखव म्हणावं.” गच्चीवाले म्हणाले, “मावशी, त्याला फार मोठं मशीन लागेल.” ही देवाणघेवाण वहीत आहे, समितीने वही मागितली असती तर समितीलाही हसता आले असते.

४. पुढे ते म्हणाले की ऊब ओढता ओढता बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो. तो धरू दिला तर यंत्राचा श्वास कोंडतो. म्हणून मधून मधून यंत्र काही मिनिटे उलटे चालते आणि खोलीतलीच ऊब बाहेर नेऊन तो बर्फ वितळवते. याला ते डिफ्रॉस्ट म्हणतात. तेवढ्या वेळात आत गारवा येऊ नये म्हणून विजेचा एक बॅकअप हीटर पेटतो. “हा हीटर म्हणजे माहेरचा भाऊ,” असे त्यांचे शब्द. “अडीनडीला धावून येतो. पण रोज उठून बोलावलात तर घर खाऊन टाकील.” मात्र भावाला यायला दीडएक मिनिट लागते. त्या दीड मिनिटात जी झुळूक सुटते, ती हॉलमधल्या बरोबर एका खुर्चीवर पडते. भिंतीकडून तिसरी. तिथे थोरल्या जाऊबाई बसतात. त्यांची मान आखडते.

५. गच्चीवाल्यांनी उपाय सुचवला की खुर्ची दीड हात डावीकडे घ्यावी. तो तत्काळ फेटाळला गेला. जाऊबाई त्या जागेवर बारा वर्षे बसतात. “मशीन काल आलंय, मी काल आले नाही,” असे त्या म्हणाल्या. महोदय, माणसाची खुर्ची हलवणे किती अवघड असते हे आपल्या विभागात बसून मी आपणास सांगावे असे नाही.

६. याच वेळी आमच्या वर्गातील भूगोलाच्या बाईंनी प्रश्न काढला की, बाहेर थंडी आहे हे यंत्राला कळते कसे? (या बाईंनी शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. त्या शंका विचारत नाहीत, उत्तर येते का ते पाहतात.) गच्चीवाल्यांनी त्यांना खिडकीशी नेऊन यंत्राच्या सावलीच्या बाजूला काळ्या वायरीला लोंबणारा एक वाटाण्याएवढा सेन्सर दाखवला. म्हणाले, “हा बघा. हा बाहेरची थंडी बघतो. गारठा असला की हा सांगतो, मग मशीन बर्फ झाडतं, गरज पडली तर हीटरला हाक मारतं. बाहेर ऊब असली की दोन्ही बंद.” गच्चीवाल्यांचा या संपूर्ण प्रकरणातला गुन्हा म्हणाल तर हे चार वाक्यांचे खरे बोलणे. ते ऐकून बाई जागेवर आल्या, मोज्याची टाच पूर्ण होईपर्यंत गप्प राहिल्या. मी वहीत लिहिले, “बाई गप्प.” तेव्हाच मला शहाणपण यायला हवे होते.

७. दिनांक ४, सोमवार. पान ४८ वरील नोंद शब्दशः देते : “ठराव : झुळूक येते कारण यंत्र उलटे चालते. यंत्र उलटे चालते कारण वाटाणा थंडी सांगतो. वाटाणा थंडी सांगतो कारण त्याला थंडी वाजते. सबब वाटाण्यास टोपी करावी. सूचक : थोरल्या जाऊबाई. अनुमोदक : भूगोलाच्या बाई. विरुद्ध : कोणी नाही.” आज वाचताना कळते की ताप उतरवायला आम्ही थर्मामीटरला घोंगडीत गुंडाळले. पण त्या दिवशी सतरा बायकांना हे तर्कशास्त्र इतके पटले की आम्ही टाळ्या वाजवल्या.

८. टोपी जाऊबाईंनी पंचवीस मिनिटांत विणली. पहिली मोठी झाली. तिचा उपयोग सध्या औषधाच्या बाटलीसाठी होतो. दुसरी बरोबर बसली. तिला गोंडा लावला गेला. गोंडा लावू नये असे माझे मत होते व तशी नोंद आहे. तीन वाजून पन्नास मिनिटांनी खिडकीतून हात लांब करून वाटाण्यास टोपी चढवली. चार वाजून चाळीस मिनिटांनी यंत्राने फुस्स केले आणि झुळूक आली ती आलीच. जाऊबाई म्हणाल्या, “नुसती टोपी घालून काय होतंय? आमचे हे टोपी घालूनच कुडकुडतात.”

९. तेव्हा भूगोलाच्या बाईंनी खुलासा केला की लोकर ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. वाटाण्याला आधी ऊब मिळाली पाहिजे. हे शास्त्रशुद्ध आहे आणि हाच आमचा सर्वनाश. हॉलमधली जुनी हवा बाहेर टाकणारा एक पंखा गच्चीवर उघडतो, त्याच्या तोंडाशी कायम खोलीतली उबदार हवा असते. वायर पुरत होती. जिन्यातली शिडी आणली. शिडीवर बाई चढल्या. त्यांचे वय वहीत नाही, कारण त्या सांगत नाहीत. त्यांनी वाटाणा टोपीसकट उचलून पंख्याच्या तोंडाशी अडकवला आणि वरूनच म्हणाल्या, “आता याला कायमचा वसंत.” शिडी मी धरली होती. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात पेन होते. म्हणजे मी साक्षीदार नाही, साथीदार आहे. याची कृपया वेगळी नोंद घ्यावी.

१०. मंगळवारी झुळूक : शून्य. हजेरी पंधरा. गुरुवारी झुळूक : शून्य. हजेरी सोळा. जाऊबाईंची मान दोन्ही बाजूंना फिरू लागली व त्यांनी दोन्ही बाजूंच्या बायकांना सल्ले दिले. भूगोलाच्या बाईंना पेढे नसल्यामुळे बिस्किटे देण्यात आली. गच्चीवाले त्या संपूर्ण आठवड्यात, म्हणजे दिनांक ४ ते ८, दुसऱ्या इमारतीच्या पंपावर होते. हे मी सांगत नाही, आपल्या खोलीबाहेर लावलेला ड्युटीचा तक्ता सांगतो. समिती तीन वेळा त्या तक्त्यासमोरून गेली. चौथ्या वेळी एका सदस्याने त्याला छत्री टेकवली.

११. शुक्रवारी सकाळी धुके पडले. तीन वाजता हॉलमध्ये सोळा अंश, साडेतीनला तेरा, चारला नऊ. यंत्राच्या हिशेबी मात्र बाहेर वसंत फुलला होता, कारण वाटाणा टोपी घालून पंख्याशी शेकत बसला होता. वसंतात बर्फ कुठला, म्हणून यंत्राने बर्फ झाडला नाही. वसंतात गारठा कुठला, म्हणून हीटरला हाक मारली नाही. माहेरचा भाऊ दारात उभा, आणि बहिणीला कोणी सांगेना की घराला आग नाही, बर्फ लागलाय. खिडकीतून पाहिले तर गच्चीवर यंत्राच्या जागी एक पांढरे कपाट उभे होते. त्यातून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज येत होता. तेच पंख्याचे पाते. हजेरी चौदाची तीन झाली. उरलेल्यांपैकी एकीने हातमोजे घातले होते, त्यामुळे तिला विणता येईना, आणि हातमोजे काढले तर बोटे वळेनात. आपण निसर्गाला फसवले अशी समजूत झालेल्या माणसांचे जे होते ते झाले.

१२. मी गच्चीवाल्यांना फोन केला. साडेचारला ते दुसऱ्या इमारतीवरून धापा टाकत आले. मी खिडकीत होते. त्यांनी पांढऱ्या कपाटाकडे पाहिले, मग वायरीकडे, मग वायर जाते कुठे तिकडे. पंख्याशी गेले. टोपी काढली, आतून बाहेरून नीट पाहिली, खिशात घातली. वाटाणा जिथला तिथे टांगला. तीन तास कोमट पाणी ओतत बसले. बर्फ फोडला नाही, फोडला असता तर जाळीही फुटली असती. मोडलेले पाते काढून बाजूला ठेवले. आत आले तेव्हा आम्ही तिघी दारात उभ्या होतो, तोंड लपवायला जागा नव्हती. ते एवढेच म्हणाले, “टाके छान आलेत, काकू.” आणि गेले.

१३. दिनांक १२ रोजी समिती आली. गच्चीवर चार मिनिटे थांबली, अहवाल अकरा पानांचा झाला. म्हणजे मिनिटाला पावणेतीन पाने, याबद्दल अभिनंदन. समितीला वाटाण्याच्या टोपीवरून सुटून पंख्याच्या तोंडाशी अडकलेला गोंडा सापडला. (मी विरोध केला होता तोच.) अहवालात त्याचे वर्णन “हिरवी लोकरी गोल वस्तू, उपयोग अज्ञात” असे आहे. गच्चीवाल्यांच्या डोक्यावर त्याच हिरव्या लोकरीची टोपी होती. त्यावरून समितीने निष्कर्ष काढला की, मेकॅनिकने आपली टोपी शेकायला म्हणून पंख्याशी टांगली व त्या भानगडीत सेन्सर हलवला. त्यांना विचारले, “गोंडा तुमचाच का?” ते म्हणाले, “माझाच.” प्रकरण मिटले.

१४. महोदय, गच्चीवाल्यांच्या टोपीला गोंडा कधीच नव्हता. पान ३९ पाहावे : “टोपी एक, गच्चीवाले. गोंडा नको म्हणाले, शिडीवर डोळ्यात येतो.” मग माणूस खोटे का बोलला? हे मी त्यांना जिन्यात गाठून विचारले. हॉलच्या दारावर नियमांची पाटी आहे. तीतला सातवा नियम : यंत्रास हात लावणाऱ्यांची हॉलची परवानगी कायमची रद्द होईल. ही पाटी गच्चीवाल्यांनीच ठोकलेली आहे, त्यांना ती पाठ आहे. ते म्हणाले, “काकू, मला दुसरा पंप मिळेल. तुम्हाला दुसरा हॉल नाही मिळायचा.” हेही खोटे आहे. मी तीन ठिकाणी विचारले. चौपन्नाव्या वर्षी, वाजणाऱ्या गुडघ्यांच्या माणसाला शिडीच्या कामावर कोणी नव्याने घेत नाही. त्यांनी आमच्यासाठी आपली जागा सोडली, आणि आम्ही दीड हात खुर्ची सोडली नव्हती. ते ऐकल्यापासून वर्गात सुया चालतात, पण कोणी बोलत नाही. सतरा बायका गप्प आहेत, यावरून परिस्थितीचे गांभीर्य आपल्या ध्यानी यावे.

१५. आता समितीच्या मुख्य पुराव्याकडे येते. समितीचे तत्त्व असे की, ज्याच्या अंगावर ती लोकर, त्याचा गोंडा. ही हिरवी लोकर आम्ही एका बंद होणाऱ्या दुकानातून एकदाच आणली. सव्वीस गुंड्या. कुठली गुंडी कोणाच्या अंगावर गेली ते पान ३६ ते ४० वर आहे. त्यातल्या अडीच गुंड्या गच्चीवाल्यांच्या टोपीत गेल्या. पाव गुंडी वाटाण्याच्या दोन टोप्या व गोंड्यात. जाऊबाईंच्या शालीत अकरा, कारण जाऊबाई मोठ्या आहेत. सात गुंड्यांचे मोजे झाले, ते चौघींच्या घरी आहेत. एक गुंडी मांजराने नेली. मांजराचीही चौकशी व्हावी असे समितीच्या तत्त्वावरून निघते. उरलेल्यांपैकी चार गुंड्यांची नोंद अशी : “मफलर एक. भूगोलाच्या बाई. मुलासाठी. ऑफिसात घालतो, त्याच्या खोलीत गारठा असतो.” बाईंची एक खूण सांगून ठेवते. त्यांचा अकराव्या ओळीत एक टाका नेहमी सुटतो. त्या तो मान्य करत नाहीत.

१६. दिनांक १८ रोजी जिन्यात नोटीस डकवताना आपण स्वतः आला होतात. मी दोन पायऱ्या वर उभी होते. आपल्या गळ्यातला मफलर हिरवा होता. डाव्या टोकाशी, अकराव्या ओळीत, एक टाका सुटलेला आहे. समितीच्या तत्त्वाप्रमाणे पाहता सदर गोंडा आपलाही ठरू शकतो. मी तसे म्हणत नाही. मी फक्त वही पुढे करते.

१७. सबब विनंती की :

(अ) गच्चीवाल्यांना कमी करण्याचा हुकूम मागे घ्यावा, आणि त्यांच्या कागदावर “हलगर्जीपणा” हा शब्द राहू देऊ नये. हवा तर “जास्त भलेपणा” असा लिहावा.

(आ) सातव्या नियमाप्रमाणे शिक्षा द्यायची तर ती आम्हाला द्यावी. हॉलची किल्ली सोबत जोडली आहे. ती जोडताना जाऊबाईंनी दोनदा परत घेतली व तिसऱ्यांदा स्वतः लिफाफ्यात घातली. लोकर न आणणाऱ्या त्या दोघींसाठी मात्र खाली तळमजल्यावर उबेच्या ठिकाणी दोन खुर्च्यांची सोय व्हावी. त्या काही हात लावणार नाहीत, शिडी त्यांच्याच्याने उचलत नाही.

(इ) खुर्ची हलवली आहे. दीड हात डावीकडे, काल, बारा वर्षांनी. जाऊबाई उठल्या, मी आणि आणखी एकीने खुर्ची सरकवली, जाऊबाई बसल्या. पाऊण तासाने नवे पाते बसवलेल्या यंत्राने फुस्स केले, वाफ निघाली, हीटर आला, झुळूक आली आणि मोकळ्या फरशीवर पडून गेली. कोणाला काही झाले नाही. हे आधी केले असते तर हा अर्ज झाला नसता, हे आम्हास कळते. कृपया सुनावणीत पुन्हा सांगू नये.

१८. गुरुवारी अकरा वाजता आम्ही सतराही जणी हजर राहू. ठरावाच्या अनुमोदक, म्हणजे शिडीवर चढलेल्या भूगोलाच्या बाई, स्वतः जबाब देणार आहेत. त्यांना वेगळे समन्स पाठवण्याचे कारण नाही. त्या आपल्याच घरून, आपल्याबरोबर निघतील. हा विषय घरी अजून काढला नाही असे त्या म्हणाल्या. मुलाला जेवताना ऑफिसचे बोललेले आवडत नाही. त्यांचा एवढाच निरोप आहे की गुरुवारी मफलर घालून निघावे. बाहेर गारठा आहे. वाटाणा आता खरे सांगतो आहे.

कळावे, शिक्षा कमी झाली नाही तरी चालेल, ती चुकीच्या माणसाला होऊ नये.

आपली नम्र,
(सही)
हजेरी-वही सांभाळणारी व शिडी धरणारी,
विणकाम वर्ग, वरचा मजला.

दिनांक १९, मंगळवार. सुनावणीला दोन दिवस बाकी.

सोबत :
१) हजेरी-वहीची पाने ३६ ते ४० व ४७ ते ५३, नकला. मूळ वही हातची सुटत नाही, गुरुवारी आणीन.
२) वाटाण्याची पहिली, मोठी झालेली टोपी, टाके जुळवून पाहण्यासाठी. औषधाची बाटली थंडीत आहे, काम झाल्यावर परत करावी.
३) हॉलची किल्ली, एक.
४) हिरवी लोकर, शिल्लक पाव गुंडी. अकराव्या ओळीतला टाका बाईंना न सांगता भरून घेण्यासाठी.